दिसेल असं बोलणं

सुमेधाचे वरचे दात पुढे होते. थोडेथोडके नाही, ओठांना नीट मिटता येऊ नये इतके. असल्या गोष्टी कुणाच्या पाठीमागे बोलू नयेत हे खरं, पण पुढचं सगळं या दातांवरच चाललेलं आहे, तेव्हा एकदाच सांगून मोकळं झालेलं बरं. सीताफळमंडीच्या गल्लीतल्या पोरांनी लहानपणी तिला जी नावं ठेवली ती मात्र इथे सांगत नाही. ती पोरं आता बाप्ये झालीत आणि रस्त्यात भेटली की ‘अक्का’ म्हणून अदबीनं बोलतात.

चौतिशीतली ही बाई माधापूरला एका विमा कंपनीच्या मराठी हेल्पलाइनवर नोकरी करायची. हैदराबादेत बसून महाराष्ट्राचे फोन घ्यायचे, हे काम. जालन्याचा कुणी पावती आली नाही म्हणून तणतणत यायचा, हिंगोलीची कुणी म्हातारी नवऱ्याच्या मरणाचा दाखला कुठं द्यायचा ते विचारायची. सुमेधा बोलायला लागली की चढलेला माणूस उतरायचा. आवाजच तसा होता, भरीव आणि स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं ऐकू येणारा. ताई, तुम्ही कुठल्या गावच्या, असं हमखास विचारलं जायचं, आणि हैदराबाद म्हटलं की समोरच्याला ते खरंच वाटायचं नाही. फोनवर बोलताना तिचे दात कसे दिसतात, तोंडावर हात आहे की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. दिवसभर ती तिथं मोठ्या थाटात बोलायची.

घरी तिचं काम वेगळं होतं. घरी ती आईचे कान होती.

आईचं नाव सखूबाई. सूर्यभान, म्हणजे सुमेधाचे वडील, सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि परभणीकडचं गाव सोडून बायकोला घेऊन इकडे आले. धाकटा अमरदीप पाळण्यात असताना सखूबाईला मोठा ताप आला, कसलीशी इंजेक्शनं झाली, ताप गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मशीन आणून पाहिलं. त्यातून नुसती खरखर यायची, म्हणून तिनं ते उचलून कपाटात टाकलं ते टाकलंच. लिहून दाखवावं तर तेही नाही. बसचा नंबर आणि बोर्डावरची चार अक्षरं एवढंच तिचं वाचन. तेव्हा पाच वर्षांची सुमेधा आईच्या पुढ्यात उभी राहायची आणि तोंडाचा हा एवढा आ करून सांगायची, दूध उतू चाललंय, बाळ रडतंय, दारात पोस्टमन आलाय. त्या एवढ्याशा तोंडावरून सखूबाई बोलणं वाचायला शिकली. मला ऐकू येत नाही, पण बोललेलं दिसतं, असं ती नव्या माणसाला आधीच सांगून टाकायची.

रविवारी विहारात मायलेकी शेजारी शेजारी बसायच्या. वंदना सखूबाईला तोंडपाठ होती. इतरांच्या ओठांवर नजर ठेवून ती बरोबर सगळ्यांच्या सोबत म्हणायची, कधी पुढं नाही की मागं नाही. नंतर पाहुणा कुणी बोलायला उभा राहिला की सुमेधा आईकडं वळून तो काय म्हणतोय ते सांगत राहायची आणि सखूबाई मान हलवत राहायची. सखूबाईचे कान म्हणजे सुमेधा, असं अख्खी वस्ती म्हणायची. सुमेधा वरवर ‘काहीतरीच काय’ म्हणायची, पण आतून सुखावायची. तिचं लग्न जमलं नाही. सूर्यभान चार वर्षांमागे वारले, अमरदीप बंगळुरूला जाऊन तिकडचाच झाला. माय आपल्यावाचून अडते, ही एक गोष्ट मात्र तिची स्वतःची होती.

आणि या गोष्टीपायी तिनं पदरात पडलेली एक मोठी गोष्ट सोडली होती. निदान तिची तशी समजूत होती. तेवीस-चोवीस वर्षांची असताना ती मावशीकडं पुण्याला गेली होती. तिथं एका रेडिओ केंद्राला निवेदिका हवी होती, आवाजाची चाचणी होती. मावसबहिणीच्या नादानं हीपण जाऊन बसली आणि निवडली गेली. परत आल्यावर बोलावणं आलं. आता त्या घराची एक रीत होती, की बापाशी थेट बोलायचं नाही. सूर्यभान काही रागीट नव्हते, पण शाळेची सहल असो नाहीतर नवा ड्रेस, पोरांनी मायला सांगायचं, मायनं जेवताना बाबांना सांगायचं आणि बाबांचा होकार सकाळी मायच्याच तोंडून यायचा. हेही तसंच सांगितलं. माय नळावर भांडी घासत होती. सुमेधा समोर उकिडवी बसली आणि तिनं पुण्याचं सगळं सांगितलं, मला जायचंय, तू बाबांना सांग म्हणाली. मायनं तिच्याकडं बघून मान हलवली, ‘हौ’ म्हणाली. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. त्या आठवड्यातही नाहीत. रुजू व्हायची तारीख आली आणि गेली.

सुमेधा समजायचं ते समजली. माय सांगणारच नव्हती. आपले कान कोण पुण्याला पाठवून देईल? तिनं मायला कधी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे तोंडावर आरोप करणं. बरेच दिवस मनात धरलं, मग हळूहळू माफ केलं, आणि पुढं पुढं त्या माफ करण्याचं तिचं तिलाच कौतुक वाटायला लागलं. आईसाठी राहिले, असं ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण भाजीची पिशवी ओट्यावर ठेवतानाही तिच्या चेहऱ्यावर ते असायचं.

तर झालं असं, की गेल्या हिवाळ्यात तिचा पुढचा एक दात हलायला लागला. चौतिसाव्या वर्षी दात हलतो म्हणजे काय, म्हणून ती घाबरून नारायणगुड्याला डॉक्टर नसरीनकडं गेली. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या, मराठी येत नव्हतं पण दख्खनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत, दोघींचं छान जमलं. त्यांनी आरसा हातात देऊन दाखवलं, की वरचे दात इतके बाहेर गेलेत की खालचे दात थेट टाळूला जाऊन लागतात, आणि चावताना सगळा भार भलत्या जागी पडतो. असंच ठेवलं तर पुढचे दात फार वर्षं टिकायचे नाहीत. तारा बसवायच्या, दोन दाढा काढायच्या, दात मागे घ्यायचे. दोनेक वर्षं लागतील.

मग त्यांनी टेबलावर प्लॅस्टिकचे जबडे मांडले. एकावर बाहेरून स्टीलच्या बारीक चौकटी चिकटवलेल्या आणि त्यांतून गेलेली तार, शाळेतल्या पोरींच्या तोंडात दिसते ती. दुसऱ्यावर तशाच चौकटी, पण दातांच्या रंगाच्या. लांबून दिसत नाहीत, फक्त आपल्याकडच्या हळदीनं त्यांवरची रबरं पिवळी पडतात. तिसऱ्या जबड्यात सगळा संसार आतल्या बाजूनं, जिभेकडून. बाहेरच्या माणसाला काही पत्ता लागायचा नाही. आणि चौथा म्हणजे नुसतं पारदर्शक कवच, जेवताना काढायचं आणि एरवी दिवसरात्र घालायचं. हे चौथं डॉक्टरांनी स्वतःच बाजूला सारलं. दात फार लांबून आणायचेत, एकट्या कवचाच्यानं ते निभेल असं त्यांना वाटत नव्हतं.

दुसरी कुणी असती तर दिसेल किती आणि दुखेल किती ते विचारती. सुमेधानं विचारलं, बोलण्यात कशानं फरक पडतो? डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आतून लावली तर जीभ दर शब्दाला तारेवर घासते. त, द, ल, स हे सगळे बोबडे होतात, काहींचे थोड्या आठवड्यांत सुधारतात, काहींचे बरेच महिने राहतात. बाहेरून लावली तर आवाजाला फारसा धक्का नाही, पण ओठ पुढे ढकलले जातात, आतून सोलवटतात, सुरुवातीला हलवणं जड जातं. “मुंह आपका है,” त्या म्हणाल्या. “घर जाको आराम से सोचो.”

सुमेधा मेट्रोत बसली ती डोक्याला हात लावूनच. आतून लावली तर आवाज जाणार, बाहेरून लावली तर ओठ. आवाजावर तिचं पोट होतं. आणि ओठांवर माय जगत होती.

पुढचे चार-आठ दिवस तिनं सगळ्यांना विचारून परेशान केलं. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरची शोभा म्हणाली, बाई, आतूनच लाव, कुणाला दिसायला नको. पण मग बोबडं बोलून ग्राहकांना काय सांगू, असं विचारल्यावर शोभालाही आठवलं, की घशाच्या ऑपरेशननंतर एकीला फोनवरून काढून ईमेलवर बसवलं होतं आणि ती अजून तिथंच आहे. अमरदीपला फोन केला. तो म्हणाला, तुला हवी ती लाव ताई, मायचं काय एवढं, ती कसंही समजून घेते. सुमेधाला त्याचा संताप आला. वर्षातून दोनदा येणाऱ्याला काय कळणार, मायला समजावं म्हणून कुणाला किती खपावं लागतं ते! मायला तर तिनं दातांकडं बोट करून नुसतं तारा बसवायच्यात एवढंच सांगितलं होतं. माय लगेच म्हणाली, लाव की, लवकर लाव. या भोळ्या बाईला पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नाही, असं वाटून सुमेधाला तिची कीव आली.

शेवटी तिनं ठरवलं, आपण घरीच परीक्षा घेऊन बघू. रविवारी विहारातून आल्यावर तिनं पोळ्यांची कणीक मळली आणि त्यातल्या चिमूटभर कणकेच्या ज्वारीएवढ्या गोळ्या केल्या. नॅपकिननं दात कोरडे पुसले आणि आरशापुढं उभी राहून एकेक गोळी वरच्या दातांवर दाबून बसवली. ओठ वर चढला. ध्यान तर असं दिसत होतं, की तिला स्वतःलाच हसू आलं आणि दोन गोळ्या निसटल्या. त्या पुन्हा बसवल्या आणि स्वयंपाकघरात गेली. माय खाली बसून मेथी निवडत होती.

सुमेधा पुढ्यात बसली आणि म्हणाली, संध्याकाळी शोभा येणार आहे. मायनं वर बघितलं, मान हलवली, ‘हौ’ म्हणाली. सुमेधा म्हणाली, दूध जास्तीचं घ्यावं लागेल. माय म्हणाली, हौ. सुमेधाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाहेरून लावली तरी चालतंय की! उगाच इतके दिवस झोप घालवली. पण हेल्पलाइनवर बसून बसून तिला एक सवय लागलेली होती. माणूस फार पटापट होकार द्यायला लागला की त्याला काही कळलेलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं तोच चेहरा ठेवून सांगितलं, की उद्या बेगम बाजारात जाऊन मी एक हत्ती विकत आणणार आहे, चालेल ना?

सखूबाईनं मेथीची काडी मोडली, लेकीकडं बघितलं आणि म्हणाली, “हौ. आण की.”

सुमेधाला हसू फुटलं, आणि हसता हसता वाईटही वाटलं. झालं, निकाल लागला. बाहेरची तार नको. तिनं उठून चूळ भरली, कणीक सगळी काढून टाकली, तोंड पुसलं आणि पुन्हा येऊन बसली. आता मायला गंमत सांगावी म्हणून नेहमीसारखं, साध्या तोंडानं तेच वाक्य म्हणाली. उद्या बेगम बाजारातून हत्ती आणणार आहे.

“म्हणलं ना हौ,” सखूबाई म्हणाली. “आण.”

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

सुमेधा तिथंच बसून राहिली. कणीक नव्हती, तार नव्हती, रोजचं तोंड होतं. मग तिच्या लक्षात आलं, की उजव्या हाताची बोटं ओठांवर आहेत. ती तिनं ठेवली नव्हती. ती तिथं असतातच. तिनं हात खाली घेतला. वरचा ओठ दातांवर ओढून धरलेला होता, तोही सोडला. उघडे दात दाखवत बोलणं म्हणजे तिला अंगावरचं वस्त्र काढण्यासारखं वाटत होतं, तरी ती बोलली. मेथी बाजूला सारून, मायच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहानपणी बोलायची तशी.

सखूबाई बघत राहिली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “हत्ती?” ती म्हणाली. “कशाला हत्ती?”

दोघी हसल्या. माय तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पण सुमेधाचं हसू आधी थांबलं, आणि ते थांबलेलं बघून मायचंही.

“तुला माझं बोललेलं दिसत नाही?” सुमेधानं विचारलं.

सखूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “तू तोंड झाकून बोलतीस बाई. लहानपणी कसं चांगलं बोलायचीस. पुढचे दात आले अन् तवापासून तुझा हात खाली आलाच नाही. हात नसला तर ओठ आवळतीस. त्यात मला काय दिसणार?”

“मग हौ कशाला म्हणायचीस?”

“आधी विचारायचे की. काय म्हणलीस, काय म्हणलीस, करायचे. तू म्हणायचीस, काही नाही, जाऊ दे. तेवढं ‘जाऊ दे’ मात्र मला रस्त्याच्या पलीकडून दिसतं बग.”

ती रागानं म्हणाली नाही. शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. हातात पिशवी असली की भाजीचं बोलायलीस, डबा असला की डाळीचं. आत्ता बाजारातून काहीतरी आणायचं म्हणतीस एवढंच दिसलं. सांजच्याला तोंड उतरलेलं असलं की हापिसातलं. तेवढ्यावर भागतं. दिवसभर त्या फोनवर बोलून बोलून दमून येतीस, तुला आणखी कुठं बोलायला लावायचं? अमर येतो तेव्हा बरं वाटतं, तो बेशरम सगळं तोंड उघडून बोलतो. विहारात तर तू सांगतीस त्याच्यापेक्षा मी त्या बोलणाऱ्याच्याच तोंडाकडं बघत असते.

सुमेधाला हे सगळं एकेक करून लागत होतं. पण तिच्या मनात आता दुसरीच गोष्ट उभी राहिली होती आणि तिथून हलत नव्हती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“पुण्याचं तुला सांगितलं होतं,” ती सावकाश म्हणाली. “नळापाशी. रेडिओवरच्या नोकरीचं. बाबांना सांग म्हणाले होते.”

सखूबाईनं ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. “कसली नोकरी?” ती म्हणाली, आणि सुमेधानं सांगितलं, आणि सखूबाईच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं ते बघून तिला उत्तराची गरज राहिली नाही.

नळाची ती दुपार सखूबाईला आठवत होती. मावशीकडून आल्यावरची. “तोंडावर ओढणी धरलेली होतीस,” ती म्हणाली. “डोळ्यांत पाणी. मला वाटलं, तिकडं कुणी तरी दातावरून बोललं असंल तुला. म्हणून हौ म्हणलं. रडू दे, मोकळी होईल म्हणलं.” मग म्हणाली, “तुझे बाबा मला विचारायचे, पोरगी अशी गप का झाली. मी म्हणायचे, मला तरी काय ठाऊक. दिसलं असतं तर मीच तुला गाडीत बसवून आले असते.”

सुमेधाला आधी राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. माफ करून टाकलेली एवढी मोठी गोष्ट, आणि ती कधी घडलीच नव्हती. मायनं तिला अडवलं नव्हतं. वडील तर बिचारे विचारतच गेले. पुण्याला जायचं तिला होतं, सांगायचं तिनं होतं, आणि सांगताना ओढणी तोंडावर तिनंच धरली होती. हे सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा तिचा हात पुन्हा आपोआप वर गेला. सखूबाईनं तो मनगटाला धरून खाली आणला आणि आपल्या मुठीत ठेवून घेतला. सुमेधा मग तशीच रडली, तोंड उघडं टाकून, दात दिसतायत की काय याचा विचार न करता. सखूबाई समोर बसून बघत राहिली. या वेळी ती मध्ये एकदाही हौ म्हणाली नाही.

त्यानंतर तारा निवडायला काही वेळ लागला नाही. पुढच्या वेळी सखूबाई सोबत गेली. डॉक्टरांनी तिच्यासाठी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि चारी जबडे पुन्हा दाखवले. सखूबाईनं प्रत्येकावरून बोट फिरवून बघितलं. सुमेधा म्हणाली, बाहेरची लावा, स्टीलची. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. दातांच्या रंगाची घ्या निदान, इतकी उठून दिसणार नाही, असं त्यांनी सुचवलं. सुमेधा म्हणाली, की दिसली तरी चालेल, पण माझा आवाज राहिला पाहिजे आणि तोंड उघडं राहिलं पाहिजे. तोंड उघडं राहण्याचं काय ते डॉक्टरांना कळलं नाही, पण तेवढ्यात सखूबाईनं आपल्या खणखणीत दख्खनीत एकच प्रश्न विचारला, ये लगाए तो छोकरी होंठ दबाको बात कर सकती क्या? डॉक्टर हसून म्हणाल्या, नहीं अम्मा, दोन महिने तर मुळीच नाही, ओठ दाबला की टोचेल.

“मग हीच,” सखूबाई म्हणाली.

तार बसवली त्या संध्याकाळी सुमेधाचं सगळं तोंड ठणकत होतं. ओठ सुजून पुढं आला होता, गालाला आतून एक चौकट टोचत होती, डॉक्टरांनी दिलेलं मेण लावूनही टोचत होती. सखूबाईनं मऊ भात केला, वरण केलं, आणि ताट लेकीपुढं ठेवून दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी समोर येऊन बसली. म्हणाली, ते पुण्याचं आता पहिल्यापासून सांग.

सुमेधा सांगायला लागली. शब्द नीट होत नव्हते. पूर्वी तिच्या तोंडातून ते लपून बाहेर यायचे, आता वाकडे होऊन यायला लागले. मावसबहिणीच्या स्कूटरवरून गेले होते, ती म्हणाली.

“नाही कळलं,” सखूबाई म्हणाली. “पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं. काचेची खोली होती, आत एकटीला बसवतात. सखूबाई म्हणाली, नाही कळलं. पुन्हा सांगितलं. बाहेर लाल दिवा लागतो, मग बोलायचं. तेही दोनदा सांगावं लागलं. दुखत होतं, कंटाळा येत होता, भात निवत चालला होता, आणि तरी दर वेळी माय ‘नाही कळलं’ म्हणाली की सुमेधाला आतून भरून येत होतं. इतक्या वर्षांत मायनं तिला एवढं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारू दिलं नव्हतं ते तिनंच.

“आत बसवून काय म्हणायला लावलं?” सखूबाईनं विचारलं.

बातम्यांतलं हवामान वाचायला दिलं होतं. ते सुमेधाला अजून पाठ होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला, ओठ तारेवरून सोडवला, आणि सगळा महाराष्ट्र ज्या आवाजासाठी फोन धरून ठेवायचा त्या आवाजात, जो आवाज समोर बसलेल्या बाईला कधीच ऐकू येणार नव्हता, ती म्हणाली, “येत्या दोन दिवसांत मराठवाड्यात थंडीचा जोर वाढण्याची शक्यता आहे.”

सखूबाई तिच्या तोंडाकडं डोळे बारीक करून बघत होती.

“कुठं?”

“मराठवाड्यात.”

“हां. आपल्याकडं.” ती आणखी पुढं सरकली. “मग? पुढचं म्हण.”